नवीन फोल्डर (३)

९ ऑक्टोबर

ठरलं. कॉम्प्युटरचे दोन भाग करायचे. एका भागात आहे ती विंडोज राहील, सासूबाईंच्या, म्हणजे अपांच्या, व्हिडिओ कॉलसाठी आणि नवऱ्याच्या, कुबातच्या, खेळांसाठी. दुसऱ्या भागात लिनक्स, फक्त माझ्यासाठी. बिश्केकच्या एका कंपनीने परीक्षा म्हणून काम पाठवलंय आणि ते लिनक्सवरच करून द्यायचंय. जमलं तर इथे कोचकोरमध्ये घरी बसून नोकरी. शाळेत मुलांना ‘हा माऊस, हा कीबोर्ड’ शिकवून मी आता कंटाळले आहे.

जेवताना सांगितलं. कुबात म्हणाला, “दोन भाग? करवत आणू का?”

अपा चहात साय घालत होत्या. “एका घोड्याला दोन खोगिरं! बसायचं कुणी आणि पडायचं कुणी?”

“पडणार कुणी नाही, अपा. सुरू करताना तो स्वतःच विचारेल, आज कोण बसतंय म्हणून.”

“विचारेल? मग बराय की. मला तर या घरात कुणी काही विचारत नाही.”

हसून म्हणाल्या, पण मला लागलं. कारण कॉम्प्युटर त्यांचा आहे. थोरल्या दिरांनी मॉस्कोहून पैसे पाठवून घ्यायला लावला, आईला आपलं तोंड दिसावं म्हणून. आणि मी परवानगी मागितली नाही, नुसतं सांगितलं. सून म्हणून येऊन दोन वर्षं होत आली, अजून मला या दोन्हींतला फरक बोलून झाल्यावर कळतो.

११ ऑक्टोबर

डिस्कचा दुसरा भाग लिनक्सला द्यायचा, म्हणून तो रिकामा करायला बसले. निम्मा कुबातचा उकिरडा. मारामारीचे सिनेमे, गाण्यांच्या सात-सात प्रती. लग्नाचे फोटो आणि थोरल्यांच्या मुलांचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले.

मग आठवलं, सासरे गेले तेव्हाचा अपांचा कोशोक. गेल्या नोव्हेंबरात अंगणातल्या तंबूत अपा भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांनी नवऱ्यासाठी असा काही विलाप गायला, की बाहेर काठ्या टेकून रडणारे पुरुषसुद्धा गप्प झाले. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, इतक्या वर्षांत असा कोशोक या खोऱ्यात कुणी गायला नाही. सायरा एजेने, म्हणजे माझ्या थोरल्या जावेने, तो फोनवर घेतला होता. इथे तर नाही ना उतरवला? शोधायचं म्हणजे सासऱ्यांचं नाव टाइप करायला हवं.

आता सासऱ्यांचं नाव या घरच्या सुनांनी तोंडात आणायचं नसतं, आणि आमच्या नशिबाने त्यांच्या नावात तोच शब्द आहे जो आमच्या भाषेत गाडी उभी करायला सगळं जग ओरडतं. माझा नवरा बिश्केकच्या रस्त्यावर मिनीबस चालवतो आणि मला त्याच्याच गाडीतून उतरायचं असलं तर मी “दम घे रे, दम घे” म्हणते. सगळी गाडी हसते. अपासुद्धा गाईला “अगं, पाय रोव” म्हणतात.

तर मागे वळून पाहिलं, अपा गोठ्यात होत्या. पटकन नाव टाइप केलं. चोरी केल्यासारखं. काही सापडलं नाही. लगेच पुसून टाकलं.

उरले ते ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर (२)’, ‘नवीन फोल्डर (३)’. पहिले दोन उघडले, दोन्हींत बंदुका आणि मोटारी. तिसरा उघडणार तेवढ्यात अपांनी चहाला हाक मारली. म्हटलं, असणार काय दुसरं. तिन्ही पुसले.

१२ ऑक्टोबर

झालं! सकाळी बसले आणि दुपारपर्यंत झालंसुद्धा. मधे लिनक्स आलं आणि विंडोज यादीतून गायब. मग एका ओळीची आज्ञा दिली आणि ती परत आली. आता यंत्र सुरू केलं की काळा पडदा येतो, त्यावर दोन नावं, एकाखाली एक.

अपांना शिकवलं. “वरचं माझं, खालचं तुमचं. खालच्या बाणाचं बटण दाबायचं, मग हे मोठं.”

“वर तू आणि खाली मी होय?” अपा म्हणाल्या. “सुनेचं राज्य आलं म्हणायचं.”

लाजून ताबडतोब क्रम बदलला. आता वर त्या आहेत. मी खुशीत कणकेचे बोरसोक तळले, निम्मे कुबातने गाडीवर नेले.

१९ ऑक्टोबर



आज रविवार. सायरा एजे मुलांना घेऊन नवऱ्याशी बोलायला आली. थोरले पडद्यावर आले, डोळे सुजलेले. वर्षश्राद्धाच्या जेवणाला येतोय, तिकीट काढलं म्हणाले. गेल्या वर्षी त्यांना कागदपत्रांनी अडकवलं, विमान मिळेपर्यंत बापाला माती दिली होती. मुलगा असून तंबूबाहेर काठी टेकून उभं राहता आलं नाही, हे ते दर वेळी बोलतात.

अपा म्हणाल्या, “ये. तुझ्या बापाचा कोशोक मी तुझ्यासाठी ठेवलाय. फोनवर तुकड्या-तुकड्यांनी पाठवू दिला नाही मी. घरी ये, उंबऱ्यात बस आणि ऐक.” आणि कॉम्प्युटरवर हात ठेवला. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

मी एजेला स्वयंपाकघरात नेलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझ्या फोनवर असेल ना गं तो?”

“माझा फोन तर वसंतातच पाटात पडला. पण त्याआधी घातला होता मी यात. माझी अक्कल अगदीच काही चरायला जात नाही.”

“कुठल्या नावानं?”

“नावानं?” तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. “त्यांचं नाव मी कसं लिहिणार गं? आपोआप जे आलं तेच राहू दिलं. नवीन फोल्डर का काय ते.”

कढईतलं तेल जळायला लागलं होतं. ते मी उतरवलं, एवढंच आठवतंय.

२० ऑक्टोबर

शाळेतून एर्मेकला फोन केला. कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता बिश्केकला यंत्रं दुरुस्त करतो. मी बोलत होते आणि तो नुसता चुकचुकत होता.

“पुसलेलं लगेच जात नाही. त्यावर नवं लिहिलं की जातं. तू किती दिवस वापरतेयस तुझं लिनक्स?”

“आठवडाभर. रोज.”

“वा! आता हात लावू नकोस. सुरूच करू नकोस.”

म्हणून घरी सांगितलं की यंत्र बिघडलं. आठवडाभर माझ्या परीक्षेचं काम मी अपांच्या आवाजावर लिहीत होते. आनंदाने, बोरसोक खात.

२६ ऑक्टोबर

रविवार. कॉल नाही. अपा काळी ओढणी नीट करून खुर्चीत येऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, “अजून दुरुस्त नाही झालं, अपा.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि तरी थोडा वेळ काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या.

सायरा एजे मला सोडेना. “तुझं तोंड का असं उतरलंय? दिवस गेलेत का?” शेवटी सांगून टाकलं सगळं. नाव टाइप केलं तेही सांगितलं. ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली चूक माझीच, वेगळं काहीतरी नाव द्यायला हवं होतं. तिचं रडणं मला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

तिच्याकडून रोटीवर हात ठेवून शपथ घेतली, अपांना सांगायचं नाही. मी स्वतः सांगेन, वेळ पाहून. एरवी एजेच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण रोटीची शपथ कोण मोडेल? त्या बाबतीत मी निश्चिंत आहे.

ती निघाली तेव्हा अपा तिला फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. बराच वेळ बोलत होत्या, बहुधा श्राद्धाला कापायच्या घोड्याचं.

३० ऑक्टोबर

एर्मेकने सांगितल्याप्रमाणे यंत्र पेनड्राइव्हवरून चालू केलं, पुसलेल्याचा शोध घेतला आणि जे मिळेल ते शाळेच्या डिस्कवर काढलं. शेकडो तुकडे आले, नाव कशालाच नाही, नुसते आकडे. एकेक ऐकत बसले. गोळीबार, गाणं, गोळीबार. मग एकदम कुत्रा भुंकला. आमचाच कुत्रा! मागे पुरुषांचं रडणं आणि मग अपा:

खोगीर आहे खुंटीवर, घोडा आहे दारात...

आणि पुढे पुन्हा मोटारी. एक ओळ. तीच पुन्हापुन्हा लावली. पुढे काय होतं ते आठवेना. मी त्या तंबूत अपांच्या मागेच बसले होते आणि मला आठवत नाही. नवी सून होते, गुडघे दुखत होते, मनात आलं होतं हे कधी संपणार. हे आज लिहिते आहे, कुणाला सांगू शकणार नाही.

मान वळवली तर दारात अपा, हातात दुधाची बादली. पण त्यांनी एवढंच विचारलं, “गाळणी कुठे ठेवलीस?” दिली. म्हणजे ऐकलं नसावं. हल्ली त्यांना कमीच ऐकू येतं.

४ नोव्हेंबर

आणखी काही मिळालं नाही. एर्मेक म्हणतो, आता मिळणारही नाही.

अपांची काळजी वाटायला लागली आहे. दूध काढायला जातात त्या तासन् तास येतच नाहीत, दूध गार होऊन जातं. गोठ्यात गाईशी काहीतरी पुटपुटत असतात. मी जवळ गेले की गप्प. आज ‘खोगीर’ एवढं ऐकू आलं. सासऱ्यांचं खोगीर विकायचा विचार चाललाय की काय? श्राद्धाचा खर्च मोठा आहे. त्यात भर म्हणून मी हे करून ठेवलंय.

कुबातला म्हटलं, अपा गाईशी बोलतात. तो म्हणाला, “मग काय करतील? गाय ऐकून तरी घेते.”

त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो रागावणार नाही, माझी बाजू घेईल, आणि ते मला सोसवणार नाही.

८ नोव्हेंबर

आज अपांनी मला बोलावलं. “उद्या रविवार. यंत्र लाव. मला मुलाशी बोलायचंय.”

“अपा, ते बिघडलंय...”

“बिघडायचं ते बिघडून गेलं. आता आणखी काय बिघडणार आहे त्याचं?”

त्यांना काय कळणार, म्हटलं. पण खरंच, आणखी काय बिघडणार होतं. लावलं. काळा पडदा आला, दोन नावं आली. अपांनी वरचं नाव निवडून पाहिलं आणि जाता जाता म्हणाल्या, “आणि तुझी ती परीक्षा? पाठवलीस?”

“नाही.”

“का? खोगीर घातलंयस तर बस आता. घोड्याला काय, त्याला ओझं झालंच आहे.”

मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्या इतक्या चांगल्या वागतात आणि त्यांना काही माहीत नाही. माहीत असतं तर अशा वागल्या असत्या का? मग बसून काम पुरं केलं आणि पाठवलं. प्रत्येक ओळ लिहिताना वाटत होतं, मी त्यांच्या डोक्यावर पाय देऊन चालले आहे.

१४ नोव्हेंबर

थोरले आले. किती म्हातारे दिसायला लागलेत. फाटकापासूनच “बाबा हो माझे” म्हणून मोठ्याने रडत आले, आता वर्ष होत आलं तरी. शेजारीपाजारी पुरुष बाहेर आले, त्यांना धरलं. मग अपांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाले, “ऐकव ना.”

“परवा. सगळ्यांसमोर.”

आता सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. संध्याकाळी अपा कांद्याच्या ढिगापाशी एकट्या सापडल्या. मी खाली बसले. “अपा, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो कोशोक...”

“हे कांदे आधी चीर.”

“अपा, ऐका ना, मी...”

“दोनशे माणसं जेवणार आहेत, पोरी. तोंड मिट आणि कांदे चीर. बारीक चीर.”

चिरले. डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणी विचारलं नाही, ही कांद्याची कृपा. कामाच्या घाईत त्यांना माझं ऐकायला वेळ कुठला. उद्या पुन्हा बघते.

१६ नोव्हेंबर

उद्या उद्या म्हणता तो दिवस आला.

अंगणात तंबू उभा, बर्फाचा पातळ थर, कढया चढलेल्या. जेवणानंतर अपांना पांढरे कपडे घालायचे होते. पांढरं अंगावर आलं की शोक संपतो आणि मग त्या माणसासाठी कोशोक म्हणायचा नसतो, कधीच. त्याआधी सगळ्या बायका तंबूत जमल्या. थोरले उंबऱ्यात येऊन बसले, टोपी हातात घेऊन. “आई, आता लाव.”

मी उभी राहिले. म्हटलं, “भाऊजी, माझ्या हातून...”

“यंत्र बिघडलंय,” अपा म्हणाल्या. “जुनं झालं ते. मेरिम, बस. इथे बस, माझ्याशेजारी.”

बसले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्याकडे न बघता, मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “फोन आहे ना खिशात? लाव. आणि या वेळी फोल्डरला नाव द्यायचं. त्यांचंच. मी सांगते म्हणून.”

मी सायरा एजेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, कान लालबुंद.

अपांनी सुरुवात केली.

खोगीर आहे खुंटीवर, घोडा आहे दारात,
हाक मारू कशी तुम्हां, नाव नव्हतं ओठांत.

गोठ्यातलं ते पुटपुटणं! दोन आठवडे गार झालेलं दूध! मी मूर्ख, मला वाटलं खोगीर विकतायत. त्या एकेक कडवं शोधून आणत होत्या, गाईच्या पोटाला डोकं टेकून. आवाज मधे चिरला, पुन्हा सावरला. उंबऱ्यात थोरले हमसून रडत होते, वर्षभराचं. आणि मग असं कडवं आलं जे गेल्या वर्षी नव्हतं, हे माझ्यासारख्या न ऐकणारीलाही कळलं:

एकदा गायले, सांडून गेलं, पुन्हा गाते, ऐका,
पोरीच्या हातून सांडलं दूध, तिच्यावर रागावू नका.

बायकांना वाटलं रीतीचं काहीतरी असेल. मी कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकलं. फोन दोन्ही हातांनी धरला होता, पडू नये म्हणून.

संपल्यावर थोरल्यांनी विचारलं, “तेव्हाही असंच होतं का, आई?”

“असंच,” अपा म्हणाल्या. “शब्दन् शब्द.”

असंच नव्हतं. सासऱ्यांनी त्यांना घोड्यावर पुढे बसवून खिंडीतून घरी आणलं, ते कडवं आज नव्हतं. शब्द नाही, पण ते होतं एवढं मला आठवतं, कारण तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या एकदम रडल्या होत्या. ते अपांना गोठ्यात सापडलं नाही. आता पांढरे कपडे अंगावर आले, आता ते कधी सापडलं तरी गाता येणार नाही. आयुष्यात खोटं न बोललेली बाई आज माझ्यासाठी मुलाशी खोटं बोलली.

संध्याकाळी त्यांचे पाय चेपत म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं.”

“सायरानं फाटकाशीच सांगितलं. शपथेचं विचारू नकोस, तिनं दुसऱ्या दिवशी मुल्लाकडे जाऊन सोडवून घेतली.”

“मग मला बोलू का दिलं नाहीत?”

“तू बोलली असतीस तर मला रागवावं लागलं असतं. तेव्हा मला राग येतही होता खूप. कांदे चिरण्यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचली नाही.” मग म्हणाल्या, “ते खिंडीचं कडवं आठवत नाही गं. खूप आठवून पाहिलं.”

मी पाय चेपत राहिले.

१७ नोव्हेंबर

बिश्केकहून उत्तर आलं. काम पसंत पडलं, एक तारखेपासून सुरू करा म्हणतात. कुबातने हॉर्न वाजवत गल्लीभर सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता.

फोनमधलं गाणं दोन्ही भागांत ठेवायला बसले, अपांच्याही आणि माझ्याही. एर्मेककडे एक प्रत, शाळेच्या डिस्कवर एक. तो जुना एका ओळीचा तुकडाही सोबत ठेवला, कुत्र्याच्या भुंकण्यासकट.

नवा फोल्डर केला. आपोआप नाव आलं, ‘नवीन फोल्डर’. ते पुसलं. बोटं कीबोर्डवर होती आणि उठत नव्हती. सवयीने मागे पाहिलं. अपा दारात होत्या, पांढऱ्या ओढणीत, हातात बादली. या वेळी त्यांनी गाळणी मागितली नाही.

“लिही,” म्हणाल्या. “मला येत नाही लिहिता, आणि बोलायचं तर आता या वयात जीभ वळायची नाही. तू लिही, मी बघते.”

लिहिलं. त्या जवळ आल्या, वाकल्या, पडद्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि दूध ठेवायला आत गेल्या.

इथेही लिहिते. पहिल्यांदा.

तोक्तोसुन.